धावणारी मुलगी बोलत का नाही?

आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांचे मैदान डोळ्यांसमोर आणा. चुन्याच्या रेषा आखलेल्या आहेत, कडेला निरनिराळ्या शाळांची मुले रांगा मोडून उभी आहेत, शिट्ट्या आणि आरोळ्यांनी कान किटले आहेत. मुलींची १५०० मीटरची शर्यत चालू आहे. अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरून आलेली, नववीत शिकणारी मुलगी शेवटच्या फेरीत दोघींना मागे टाकते आणि पहिली येते. पाचशे माणसे तिच्याकडे बघत असतात, पण तिचे पाऊल कुठे अडखळत नाही.

तासाभराने बक्षीस समारंभ होतो. पाहुणे तिच्या हातात ढाल देतात आणि कौतुकाने माईक पुढे करतात, "बोल बेटा, दोन शब्द." मुलीची मान खाली जाते. बोटे ट्रॅकसूटच्या चेनशी खेळू लागतात. पाच सेकंद जातात, दहा जातात. मुले हसतात. शेवटी सर पुढे होऊन म्हणतात, "ती जरा लाजाळू आहे," आणि तिच्या वतीने स्वतःच आभार मानतात.

ही मुलगी काल्पनिक आहे. पण नंदुरबार जिल्ह्यात शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला ती ओळखीची वाटेल. पाचशे माणसांसमोर निर्भयपणे धावणारी मुलगी त्याच माणसांसमोर दोन वाक्ये का बोलू शकत नाही? धैर्य हा एकच गुण असेल तर तो तासाभरात कुठे गेला? या प्रश्नाला मानसशास्त्राने शंभराहून अधिक वर्षे हात घातला आहे. त्यातून हाती आलेली उत्तरे शिक्षकाला वर्गात आणि मैदानावर वापरता येण्याजोगी आहेत.

नाही बोलली तर काय बिघडते?

कोणी म्हणेल, खेळाडूला बोलायचे काय काम? पाय बोलतात तेवढे पुरे. हा विचार आधी तपासून पाहू.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आपल्या सर्वांना माहीत आहे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. सातपुड्यातल्या आपल्या मुलींनीही असे काही करावे, असे आपल्याला वाटते. पण त्या वाटेवर प्रत्येक वळणावर बोलावे लागते. निवडचाचणीत आपले वय, गाव, पूर्वीची कामगिरी सांगावी लागते. परक्या शहराच्या वसतिगृहात जेवण पुरत नसेल तर तसे म्हणावे लागते. मोठ्या स्पर्धेत शर्यत संपल्यावर खेळाडूला पत्रकारांसमोरून जावे लागते. उत्तेजक चाचणीचा अर्ज भरताना कोणते औषध घेतले ते सांगावे लागते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट दुखण्याची आहे. वाढत्या वयात धावणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या मुलांच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर ताण येऊन तिथे दुखते. वेळेवर कळले, सराव कमी केला, तर हे दुखणे बहुधा बरे होते. पण ते कळण्यासाठी मुलीने सांगायला हवे. आपल्या जिल्ह्यात तर आणखी एक कारण आहे. भिल्ल, पावरा, मावची अशा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, पोट अतिशय दुखते. अतिश्रम, थंडी आणि शरीरातले पाणी कमी होणे यांमुळे असे दुखणे उसळू शकते. सिकलसेलची एकच जनुक असलेल्या वाहक व्यक्तीला एरवी काहीच त्रास जाणवत नाही. पण पाणी न पिता, उन्हात, शरीराला पेलणार नाही इतके धावल्यास क्वचित अशी व्यक्तीही कोसळू शकते. म्हणून प्रत्येक खेळाडूची रक्ततपासणी झालेली असावी. आणि "सर, आज पाय फार दुखतात, मी धावणार नाही" हे वाक्य प्रत्येक खेळाडूला बोलता यायला हवे. ते बोलता न आल्याने गप्प धावत राहणारी मुलगी धोक्यात असते.

तोच प्रश्न नको असलेल्या स्पर्शाचा. खेळात मोठ्या माणसांच्या हाताखाली, घरापासून दूर, मुले दिवसच्या दिवस राहतात. "नाही" म्हणणे आणि विश्वासाच्या माणसाला जाऊन सांगणे ही त्यांची सुरक्षितता आहे. तेव्हा बोलण्याला आपण भाषणकलेचा शोभेचा दागिना समजू नये.

आधी निदान: लाज की भाषा?

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेसोळा लाख होती आणि त्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी होते. घरात भिली, पावरी, मावची, देहवाली, कोकणी आणि शाळेत प्रमाण मराठी, अशी इथल्या असंख्य मुलांची स्थिती असते. शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी ऐकू येतात. दुसरी भाषा शिकणारे मूल पुष्कळ काळ फक्त ऐकते. त्याला कळत असते, पण बोलण्याची वेळ आली की शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात समोरच्याचा धीर सुटतो. मग आपण त्याला "लाजाळू" म्हणून मोकळे होतो.

म्हणून पहिले काम निरीक्षणाचे. ही मुलगी वसतिगृहात मैत्रिणींशी आपल्या बोलीत कशी बोलते? आठवड्याच्या बाजारात? भोंगऱ्याच्या बाजारात किंवा काठीच्या होळीला ढोलाच्या तालावर नाचताना? तिथे ती मनमोकळी असेल, तर तिची अडचण स्वभावाची नाही, भाषेची आहे. मग उपायही वेगळा: तिला आधी आपल्या बोलीत सांगू द्यावे, मैत्रिणीने ते मराठीत आणावे आणि नंतर तिने स्वतः मराठीत सांगावे.

दुसरी शक्यता संस्काराची. वडीलधाऱ्यांपुढे कमी बोलणे, मान खाली ठेवणे ही पुष्कळ घरांत मर्यादा समजली जाते. मुलगी भित्री नसून नम्र असेल.

तिसरी गोष्ट याहून खोल आहे. शहादा परिसरातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' या संग्रहात 'स्टेज' नावाची कविता आहे. आदिवासींचे दुःख स्टेजवरून दुसरेच लोक सांगतात आणि ज्यांचे ते दुःख ते खालीच बसून राहतात, हा तिचा विषय. सरांनी मुलीच्या हातातला माईक घेऊन तिच्या वतीने आभार मानले, ते प्रेमापोटीच. पण त्या क्षणी आपणही नकळत तीच जुनी रीत चालवतो.

या तीन गोष्टी वगळूनही काही मुले उरतात. आपल्या बोलीत, आपल्या माणसांतही ती नवख्यापुढे आक्रसतात. त्यांच्या बाबतीत थोडा भाग जन्मजात असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी, नवे आवाज आणि वास देऊन पाहिले. सुमारे पाचातले एक बाळ हातपाय जोरात झाडत असे आणि रडत असे. मोठेपणी अशा बाळांत बुजरेपणा अधिक आढळला. पण सगळीच तशी राहिली नाहीत. कित्येक मुले वाढताना सावरली. जन्मतः मिळतो तो कल असतो, आणि कल शिक्षणाने वळू शकतो. शिवाय बुजरे असणे हा दोष नाही. शांत, निरीक्षक मूल वाचाळ व्हावे असे आपले उद्दिष्ट नसावे. हवे तेव्हा, हवे ते तिला बोलता यावे, एवढेच पुरे.

झुरळांची शर्यत

आता मूळ कोड्याकडे वळू. १८९८ साली नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकी संशोधकाच्या लक्षात आले, की एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल चालवणाऱ्यांपेक्षा सोबत कोणी असताना सायकलपटू जास्त वेगाने जातात. त्याने ४० मुलांना मासे पकडण्याच्या गळाची रिळे फिरवायला दिली, कधी एकट्याने, कधी जोडीने. २० मुले जोडीने अधिक वेगाने फिरवू लागली. १० मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. पण उरलेली १० मुले सोबतीने गोंधळली आणि मंदावली! सोबत काहींना तारते आणि काहींना मारते, हे त्या पहिल्याच प्रयोगात दिसले होते.

असे का, याचे समाधानकारक उत्तर १९६५ साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने मांडले. कोणी आपल्याकडे बघत असले की शरीर उत्तेजित होते, आणि उत्तेजित शरीर जे सर्वात अंगवळणी पडलेले असते तेच करते. अंगवळणी पडलेली गोष्ट बरोबर असेल तर कामगिरी सुधारते. काम नवे, अवघड असेल तर बिघडते.

हे दाखवण्यासाठी १९६९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चक्क झुरळांची शर्यत लावली. झुरळाला उजेड आवडत नाही. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला अंधारी डबी आणि मध्ये सरळ वाट, अशी पहिली रचना होती. दुसऱ्या रचनेत डबी गाठण्यासाठी वळण घ्यावे लागे. बाजूला पारदर्शक खोक्यांत "प्रेक्षक" झुरळे बसवली. सरळ वाटेवर प्रेक्षकांसमोर झुरळ एकट्यापेक्षा वेगाने पळाले. वळणाच्या वाटेवर मात्र प्रेक्षक असताना त्याला जास्त वेळ लागला. झुरळाला लाज वाटते असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे या घटनेचे मूळ स्वभावाच्याही खाली, शरीराच्या उत्तेजनात आहे.

माणसांतही असेच दिसले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूल हा बिलियर्ड्ससारखा खेळ खेळणाऱ्यांवर लक्ष ठेवले गेले. चार अनोळखी माणसे टेबलाजवळ येऊन बघू लागली, तेव्हा चांगल्या खेळाडूंचे अचूक फटके ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले आणि कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ टक्क्यांवर आले.

आपल्या मुलीचे कोडे आता सुटते. धावणे तिच्या अंगवळणी पडले आहे. डोंगर चढत-उतरत ती लहानाची मोठी झाली आहे. प्रेक्षक आले की धावणे अधिकच चांगले होते. पण पाहुण्यांसमोर मराठीत बोलणे ही तिच्यासाठी वळणाची वाट आहे. तिथे अंगवळणी पडलेले आहे ते गप्प राहणे, मान खाली घालणे. प्रेक्षक तेच अधिक पक्के करतात. तिचे धैर्य कुठेही गेलेले नाही. या दुसऱ्या कामाचा तिने सराव केलेला नाही, इतकेच.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग कागद, पेन आणि घड्याळ एवढ्या साहित्यात होतो. प्रत्येक विद्यार्थ्याने ३० सेकंदांत आपल्या गावाचे नाव जितक्या वेळा लिहिता येईल तितक्या वेळा लिहावे: एकदा सवयीच्या हाताने आणि एकदा दुसऱ्या हाताने. दोन्ही गोष्टी एकदा एकांतात आणि एकदा चार मित्र भोवती उभे राहून बघत असताना कराव्यात. अर्ध्या वर्गाने एकांतापासून सुरुवात करावी आणि अर्ध्याने प्रेक्षकांपासून, म्हणजे सरावाचा परिणाम दोन्हीकडे सारखा वाटला जाईल. वाचता येणारी नावेच मोजावीत आणि वर्गाची सरासरी काढावी. सवयीच्या हाताची कामगिरी प्रेक्षकांसमोर वाढते का? दुसऱ्या हाताची घटते का? परिणाम लहान असतो, त्यामुळे दर वेळी अपेक्षेप्रमाणे येईलच असे नाही. आला नाही तर का आला नाही, याची चर्चा करावी. या प्रयोगातून मुलांना एक गोष्ट अनुभवाने कळते: लोकांसमोर चुकणे हा कोणा एकाचा कमकुवतपणा नाही, ते सर्वांचेच होते.

तीच धडधड

शर्यतीच्या रेषेवर उभे असताना छाती धडधडते, तळहात घामेजतात, तोंड कोरडे पडते. माईकसमोरही हेच होते. दोन्ही वेळा वृक्कांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन रक्तात सोडतात, हृदय जोरात चालते, श्वास वाढतो आणि रक्त स्नायूंकडे वळते. शिट्टी वाजली की धावपटूचे शरीर ही सगळी तयारी वापरून टाकते. वक्त्याला ती वापरायला जागा नसते. मग पाय थरथरतात, आवाज कापतो आणि मुलीला वाटते, "मी घाबरले."

इथे शिक्षकाला एक सोपी गोष्ट करता येते. २०१४ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एलिसन वुड ब्रुक्स यांनी लोकांना गाणे, भाषण आणि गणिताची चाचणी यांआधी निरनिराळी वाक्ये स्वतःशी म्हणायला लावली. "मी शांत आहे" म्हणून मन आवरू पाहणाऱ्यांपेक्षा "मला हुरूप आला आहे" असे म्हणणाऱ्यांनी भाषण सरस केले. शरीर खवळलेले असताना त्याला शांत करणे कठीण. त्याच खवळण्याला वेगळे नाव देणे सोपे. आपल्या धावपटूला तर हे लगेच पटेल: "रेषेवर उभी राहतेस तेव्हा होते ना, तीच ही धडधड. तिथे ती तुला पळवते, इथेही कामाला येईल."

दुसरा दिलासा काल्पनिक प्रेक्षकांबद्दलचा. किशोरवयात मुलांना सतत वाटते की सगळे जग आपल्याकडेच बघत आहे. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली याला "काल्पनिक प्रेक्षक" असे नाव दिले. कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना, घालताना लाज वाटेल असा, एका गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवले. घालणाऱ्यांना वाटले, निम्म्या लोकांनी तरी चित्र ओळखले असेल. प्रत्यक्षात सुमारे चौथ्या भागाने ओळखले होते. पुढे असेही दिसले, की "तुमची धाकधूक तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही" हे आधी सांगितले, तर वक्ते खरोखरच चांगले बोलतात. हे वाक्य विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

आत्मविश्वास आपोआप झिरपत नाही

"खेळाने आत्मविश्वास वाढतो," असे आपण सहज म्हणतो. हे खरे आहे, पण अर्धवट. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ पासून मांडलेल्या सिद्धांतानुसार "मला हे जमेल" हा विश्वास बहुतांशी कामापुरता असतो. धावण्यातला विश्वास बोलण्यात आपोआप झिरपत नाही. तो चार वाटांनी मिळवावा लागतो: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला तरी जमताना पाहणे, विश्वासाच्या माणसाचे सांगणे आणि शरीराच्या धडधडीचा योग्य अर्थ लावणे. यांत पहिली वाट सर्वात बळकट.

जगज्जेत्या खेळाडूंनाही ही अडचण येते. चार ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकलेली जपानची टेनिसपटू नाओमी ओसाका २०२१ साली पत्रकार परिषदांच्या ताणामुळे फ्रेंच स्पर्धेतून बाहेर पडली. आपण बुजऱ्या आहोत आणि जगापुढे बोलताना मनावर फार ताण येतो, असे तिने उघडपणे सांगितले. मोठ्या मैदानावरचे यश बोलण्याची भीती घालवतेच असे नाही, हे आपल्या मुलींनाही कळू द्यावे.

पण एक गोष्ट मैदानावरून नक्की उचलून आणता येते: सरावाची पद्धत. कोणताही प्रशिक्षक पहिल्या दिवशी दहा किलोमीटर धावायला लावत नाही. आधी अंग मोकळे करणे, मग थोडे अंतर, मग थोडे जास्त, मध्ये विश्रांती, वहीत नोंद. बोलण्याचा सरावही तसाच आखावा. नमुन्यादाखल काही पायऱ्या अशा:

१. धाकट्या मुलांच्या शर्यतीत तिने फेऱ्या मोठ्याने मोजाव्यात. नंतर शर्यत सुटण्याचा इशारा तिनेच द्यावा. इथे शब्द ठरलेले असतात आणि सगळ्यांचे लक्ष धावणाऱ्यांकडे असते.

२. तिसरी-चौथीच्या मुलांना अंग मोकळे करण्याचे व्यायाम तिने शिकवावेत, हवे तर आपल्या बोलीत.

३. स्पर्धेला जाताना एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीवर गाडीची वेळ तिने विचारावी. सर चार पावले मागे उभे राहतील.

४. परिपाठात दोनच वाक्ये: काल कोणती शर्यत झाली आणि किती वेळ लागला.

५. स्पर्धेत दुसऱ्या शाळेच्या एका मुलीशी ओळख करून घ्यावी: नाव, गाव, सराव कसा करतेस, एवढे तीन प्रश्न.

६. विज्ञानाच्या तासाला नाडीचे प्रात्यक्षिक तिने करून दाखवावे. बसल्या जागी १५ सेकंदांत ठोके मोजून चारने गुणावेत, मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजावेत, आणि नंतर दर मिनिटाला मोजत ठोके पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते फळ्यावर मांडावे. सराव असलेल्या तिच्या हृदयाचे आणि वर्गमित्रांच्या हृदयांचे आकडे बाजूबाजूला आले की वर्गाला समजावून सांगण्याजोगे तिच्याकडे पुष्कळ काही असेल.

७. सगळ्यात शेवटी माईक.

पायरी कधी बदलावी? आधीच्या पायरीचा कंटाळा यायला लागला की. आणि एखाद्या पायरीवर धडधड झाली तर ती थोडी ओसरेपर्यंत तिथेच थांबू द्यावे. पळ काढला की लगेच बरे वाटते, म्हणून मेंदू पळ काढायलाच शिकतो. थांबून राहिल्यास "काही वाईट झाले नाही" हे शिकतो. मात्र थांबणे तिच्या संमतीने हवे. पायऱ्या तिच्यासोबत बसून ठरवाव्यात.

शिक्षकाचे तीन सेकंद

आता थोडे आपल्याबद्दल. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत आणि मग दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देत. तीन सेकंद किंवा अधिक थांबायला शिकवल्यावर उत्तरे लांबली, "माहीत नाही" कमी झाले आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागली. मनात पावरीतून मराठीत येणाऱ्या मुलीला ते जास्तीचे दोन सेकंद किती मोलाचे असतील! उद्याच्या तासाला एखाद्या विद्यार्थ्याला मागच्या बाकावरून घड्याळ लावून आपले सेकंद मोजायला सांगावे. आकडा पाहून बहुतेकांना धक्का बसेल.

काही गोष्टी मात्र टाळाव्यात. तिच्यादेखत "ती लाजाळूच आहे" म्हणू नये. मुले दिलेल्या नावाप्रमाणे वागू लागतात. पूर्वसूचनेशिवाय माईक पुढे करू नये. भाषेच्या चुकीवर वर्गाला हसू देऊ नये. तिच्या वतीने उत्तर देऊ नये. आणि तिला फक्त "आमची धावपटू" करून ठेवू नये. आपली सगळी ओळख एकाच गोष्टीला बांधलेली असली, की ती गोष्ट गेल्यावर माणूस अधिक कोसळते, असे पॅट्रिशिया लिनव्हिल यांच्या १९८० च्या दशकातल्या अभ्यासांत आढळले. एका दुखापतीने खेळ थांबू शकतो. त्या दिवशी तिच्याजवळ मैत्रीण असावी, एखादे गाणे असावे, गणितात किंवा शेतीत रस असावा, आणि आपण आणखीही कोणी आहोत हे तिला माहीत असावे.

एवढे करूनही एखादे मूल शाळेतच यायला घाबरत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, महिनोन्महिने कोणाशीच बोलत नसेल, तर हा बुजरेपणा नव्हे. तेव्हा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेला पडेल असा लिहिलेला असावा.

यश कशात मोजावे?

वर्षाअखेरीस मुलीने भाषणाचे बक्षीस मिळवले का, हे पाहू नये. सरावाच्या वहीत धावण्याच्या वेळांशेजारी आणखी एक रकाना आखावा: या आठवड्यात तिने आपणहून कोणाला काय विचारले, काय सांगितले. जूनमध्ये तो रकाना रिकामा असेल. दिवाळीपर्यंत "फेऱ्या मोजल्या", "बसची वेळ विचारली" असे काही दिसू लागेल. आणि एखाद्या सकाळी, सगळ्या मुली रेषेवर उभ्या असताना, ती रांगेतून बाहेर येऊन म्हणेल, "सर, माझा गुडघा कालपासून दुखतोय. आज मी नाही धावणार."

त्या दिवशी सराव बुडाला म्हणून रागावू नये. वहीतल्या त्या रकान्यात तारीख घालून तिचे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवावे आणि तिला दवाखान्यात घेऊन जावे. तिथेही काय दुखते, कुठे आणि कधीपासून, हे डॉक्टरांना तिलाच सांगू द्यावे.